मोटार-सायकलची मूठ आणि तिची तार

मोटार-सायकलच्या उजव्या मुठींतून एक काळी, करंगळीहून बारीक दोरीसारखी वस्तु निघून टाकीखालून इंजिनाकडे जातांना दिसते. कारखान्याच्या भाषेंत तिला थ्रॉटल केबल म्हणतात. आपल्या बाजारांत ‘एक्सलेटरची वायर’ हें नांव अधिक चालतें. टायर झिजला तर तो डोळ्यांस दिसतो, दिवा गेला तर अंधार पडतो. परंतु ह्या तारेची आठवण ती तुटेपर्यंत सहसा कोणास होत नाहीं. भिंगारांत आज बहुतेक दारांपुढें एक तरी दुचाकी उभी असते. वडील कामावर, बहीण कॉलेजांत, भाजीची पाटी बाजारांत आणि आजारी मनुष्य दवाखान्यांत, हीं सर्व ह्या शे-दोनशे रुपयांच्या तारेच्या भरंवशावर जातात. सबब ती काय काम करते, कां बिघडते, तिला तेल कसें द्यावें व वेळ येतांच ती कशी बदलावी, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांनीं तो आपल्या वडील माणसांबरोबर बसून वाचावा. गिअरच्या दुचाकीचा परवाना अठरा वर्षांपूर्वीं मिळत नाहीं, परंतु हातांत पान्हा धरण्यास वयाची अट नाहीं.

केबलीचीं अंगें दोन. आंत पोलादाच्या बारीक तंतूंस पीळ घालून केलेली तार, आणि बाहेर तिचें म्यान. म्यान म्हणजे नुसती रबराची नळी असें पुष्कळांस वाटतें, तें खरें नव्हे. वरचें काळें कवच सोललें तर त्याखालीं पोलादी पट्टीचें किंवा तारेचें अगदीं दाट वेटोळें दिसतें, व त्याच्याही आंत हल्लींच्या केबलींत नायलॉनसारख्या गुळगुळीत पदार्थाचें अस्तर असतें. आंतल्या तारेच्या दोन्ही टोंकांस धातूची लहानशी गुंडी पक्की बसविलेली असते. कारागीर तिला निपल म्हणतात.

ही युक्ति अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन ह्या गृहस्थाची. १८९६ सालीं त्यास तिचें पेटंट मिळालें, आणि अशा केबलीस आजही जगभर बाउडेन केबल म्हणतात. रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बाउडेन हे निराळे. आडनांव एकच असल्यामुळें शोधाचें श्रेय पुष्कळदां त्यांच्या पदरांत घातलें जातें.

युक्तीचें मर्म असें आहे. दोरीनें कांहीं ओढावयाचें तर दोरी सरळ पाहिजे, आणि वाटेंत वळण आलें कीं तेथें चाक किंवा कप्पी पाहिजे. विहिरीवरील मोटेचा नाडा म्हणूनच चाकावरून सोडीत. परंतु गाडीचें हँडल सारखें डावीकडे-उजवीकडे फिरतें. तेथें कप्प्या कोठें लावणार? बाउडेनच्या युक्तींत कप्पीचें काम म्यान करतें. आंतली तार जितक्या जोरानें ओढली जाते, तितक्याच जोरानें म्यान दाबलें जातें. न्यूटनचा नियम तो हाच. म्यानाचें वरचें टोंक मुठीच्या पेटीला व खालचें इंजिनाच्या बाजूस पक्कें टेकलेलें असतें, आणि वेटोळें दाट असल्यामुळें म्यान वांकतें पण आखूड होत नाहीं. म्हणून वरच्या बाजूस जेवढी तार बाहेर ओढावी, तेवढीच ती खालच्या बाजूनें आंत शिरते. मग वाटेंत वळणें कितीही असोत. सायकलच्या ब्रेकची जुनी केबल घेऊन ह्याचा अनुभव घरीं घेतां येतो. म्यान मोकळें सोडून तार ओढली तर केबलीचें वळण सरळ होऊं पाहतें. दोघां मित्रांनीं म्यानाचीं टोंकें घट्ट धरिलीं आणि तिसऱ्यानें तार ओढली, तर वळण जागच्या जागीं राहतें व पलीकडची गुंडी आंत सरकते. हा प्रयोग ज्यानें एकदां हातानें केला त्यास पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

आतां खालच्या टोंकाकडे वळूं. जुन्या पद्धतीच्या गाडींत कार्बुरेटरच्या गळ्यांत एक दंडगोल वर-खालीं सरकतो. त्याला स्लाइड म्हणतात. मूठ आपल्याकडे पिळली कीं तार स्लाइडला वर उचलते, हवेची वाट रुंद होते, स्लाइडबरोबर वर आलेली निमुळती सुई पेट्रोलचें भोंक मोकळें करिते, आणि इंजिनाचा वेग वाढतो. मूठ सोडली कीं स्लाइडवरील स्प्रिंग तिला खालीं ढकलते. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. वेग वाढविण्याचें काम आपल्या हाताचें, पण कमी करण्याचें काम बहुतेक लहान गाड्यांत एकट्या स्प्रिंगचें आहे. तार दोरीच आहे. ती ओढूं शकते, ढकलूं शकत नाहीं. मोठ्या गाड्यांत ह्याकरितां दोन केबली असतात, एक उघडण्यास व दुसरी मिटण्यास.

२०२० सालच्या प्रदूषण-नियमांपासून आपल्याकडील नव्या मोटार-सायकलींत कार्बुरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागीं इंधन फवारणारें यंत्र आलें, व तार आतां स्लाइड उचलण्याऐवजीं एक गोल झडप फिरविते. कांहीं महाग गाड्यांत, आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींत, मुठीपासून तारेऐवजीं केवळ विजेचा संकेत जातो. आपल्या नगरांतच ह्या फेरबदलाचीं दोन्ही टोंकें पाहावयास मिळतात. हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक कंपनीनें १९७२ सालीं येथें ‘लूना’ काढली. पन्नास घनसेंटिमीटरची ती चिमुकली गाडी शिक्षक, टपालवाले, दूधवाले ह्यांच्या घरोघरीं गेली, व तिच्या मुठीची तार बदलण्याचें काम कित्येकांनीं अंगणांतच शिकून घेतलें. २०२४ सालीं तेंच नांव घेऊन विजेची लूना निघाली. तथापि रस्त्यावर आज ज्या गाड्या धांवत आहेत त्यांतील बहुसंख्य गाड्यांच्या मुठींत तार आहे, व ती पुढें कित्येक वर्षें राहील.

तार जड कां होते, हें समजण्यासाठीं गोठ्यांत जाऊं. मस्तवाल बैल दावें ओढूं लागला तर शहाणा गडी दावें हातानें धरून ठेवीत नाहीं. खुंट्याभोंवतीं त्याचे दोन वेढे देतो, आणि मग एका हातानेंही बैल आवरतो. हा पराक्रम गड्याचा नसून घर्षणाचा आहे. दोर जितका अधिक वळतो तितकें घर्षण वाढतें, आणि तें बेरजेनें नव्हे तर गुणाकारानें वाढतें. खुंट्याभोंवतीं जें उपयोगी, तेंच म्यानांत बाधक. समजा, मुठीपासून इंजिनापर्यंत केबल एकंदर दोन काटकोन वळली आहे, व खालीं एक किलोची ओढ पाहिजे आहे. तार स्वच्छ व तेलकट असून घर्षणांक ०.१ असेल तर मुठीशीं सुमारें १.३७ किलो जोर लागेल. तीच तार कोरडी पडून घर्षणांक ०.२ झाला तर सुमारें १.८७ किलो. आणि केबल चुकीच्या वाटेनें बसविल्यामुळें वळण तीन काटकोनांचें झालें, तर कोरड्या तारेस २.५७ किलो. गणिताच्या वर्गांतील मुलांनीं हे आंकडे घातांकाच्या सूत्रानें ताडून पाहावे.

हातास जोर पडतो एवढेंच असतें तर गोष्ट सोसण्यासारखी होती. परंतु हाच गुणाकार परतीच्या वाटेस उलटा लागतो. स्प्रिंग खालून तार ओढते, आणि शेवटच्या उदाहरणांत तिच्या ओढीचे दोन पंचमांशही मुठीपर्यंत पोहोंचत नाहींत. तेवढ्यांत मुठीच्या पेटींतील धूळ व चिखल ह्यांचा अडथळा दूर होईलच असें नाहीं. मूठ सोडली तरी ती जागेवरच राहते, आणि इंजिन ओढीत राहतें. तुटलेली तार गाडी थांबविते. अडकलेली तार गाडी थांबूं देत नाहीं. लोक भितात पहिलीला, आणि भ्यावयास पाहिजे दुसरीला.

केबल बिघडते ती मुख्यतः तीन कारणांनीं. आपला भाग पर्जन्यछायेंतील, त्यामुळें वर्षाचे आठ महिने धूळ. वरच्या टोंकाशीं असलेली रबराची टोपी फाटली कीं ही धूळ म्यानांत शिरते, व जुन्या तेलाशीं मिसळून तिचें पॉलिश-कागदासारखें खरखरीत वाटण बनतें. मग पाऊस येतो. पाणी उतरतीनें म्यानाच्या सर्वांत खालच्या वळणांत जाऊन सांचतें, आणि गाडी चार दिवस उभी राहिली कीं तेथें गंज धरतो. तिसरें कारण हवामानाचें नसून धातूच्या स्वभावाचें. गुंडीपाशीं तार रोज शेंकडों वेळां किंचित वांकते. लोखंडी तार हातानें पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे जशी मोडते, तसाच प्रकार येथें अतिशय मंद गतीनें चालतो. सारी तार एकदम तुटत नाहीं; आधीं एक तंतु तुटतो, मग दुसरा. तुटलेला तंतु फुलारतो, आणि मूठ पिळतांना म्यानाच्या तोंडाशीं अडतो. मूठ खरखरूं लागणें, जड होणें, सोडल्यावर सावकाश परतणें, इंजिन कधीं कधीं उगाच चढ्या आवाजांत राहणें, हीं सर्व त्याचीं चिन्हें होत. चिन्ह दिसल्यावर ‘चालतें आहे तोंवर चालूं द्या’ असें म्हणण्याची आपल्याकडे फार वाईट चाल आहे. फुलारलेली तार तेलानें बरी होत नाहीं. ती बदललीच पाहिजे.

चालत्या गाडीवर मूठ अडकली तर काय करावें, हें प्रत्येक घरांत एकदां तरी बोलून ठेवावें, कारण त्या क्षणीं विचार करण्यास वेळ नसतो. मूठ जोरानें पुढें फिरवून मिटण्याचा प्रयत्न करावा; ती मिटत नसेल तर त्याच श्वासांत क्लच दाबावा व उजव्या हाताजवळील लाल बटणानें इंजिन बंद करावें. नंतर दोन्ही ब्रेक सारख्या जोरानें लावून गाडी कडेला घ्यावी. क्लच दाबल्यावर इंजिन मोठ्यानें ओरडेल. त्या आवाजानें घाबरून क्लच सोडूं नये. बिनगिअरच्या गाडीस हाताचा क्लच नसतो, डाव्या हातालाही ब्रेकच असतो. तेथें बटण, आणि बटण नसेल तर किल्ली, हाच एक उपाय. लाल बटण कोठें आहे हें पुष्कळ चालकांस सांगतां येत नाहीं. मुलांनीं आज सायंकाळीं घरीं विचारून पाहावें.

आतां तेल देण्याविषयीं. प्रथम गाडीची पुस्तिका पाहावी. अस्तर असलेल्या कांहीं केबलींस तेल घालूं नये असें कारखानदार स्वतःच लिहितात, व त्यांचें ऐकावें. तेलाची केबल असेल तर मूठ बसविलेल्या पेटीचे दोन स्क्रू सोडवून वरची गुंडी खांचेंतून काढावी. म्यानाचें टोंक उंच धरून त्याभोंवतीं प्लास्टिकच्या लहान पिशवीचा कोपरा कापून बसवावा व चिकटपट्टीनें घट्ट गुंडाळावा. असें केल्यानें एक नरसाळें तयार होतें. त्यांत पातळ तेल चमचाभर घालून तार हळूहळू वर-खालीं करीत राहावें. शिवणयंत्राचें तेल चालतें. घाई असेल तर पिचकारीनें तेल दाबण्याचें साधन बाजारांत मिळतें, परंतु रात्रभर टांगून ठेवलेल्या केबलींत तेल आपल्या आपण उतरतें, व घरच्या कामास तेवढें पुरे. खालच्या टोंकास आधीं काळें, मग स्वच्छ तेल ठिबकूं लागलें म्हणजे काम झालें. तेथें चिंधी धरावी. तो ठिबका कार्बुरेटरांत किंवा ब्रेकच्या तबकडीवर पडतां कामा नये. दाट ग्रीस म्यानांत कोंबण्याची पद्धत कांहीं ठिकाणीं आहे, ती मला पसंत नाहीं. ग्रीस धुळीस धरून ठेवतें. त्याची जागा गुंडीवर, तीही बोटाच्या टोंकाएवढीच. वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं एकदां व दिवाळीच्या सुट्टींत एकदां, हें काम करावें.

शिकलेल्या मुलाचे हात काळे झाले कीं कांहीं पालकांस संकोच वाटतो. त्यांस एवढेंच सांगणें आहे कीं पौल प्रेषित तंबू करून पोट भरीत असे. आणि ह्याच नगरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे विणकरांच्या शेजारीं बसून हातमाग सुधारण्याच्या उद्योगांत होते. भिंगारच्या मुलास रणगाडा नवा नाहीं. लष्कराच्या छावणीमुळें मोठमोठीं यंत्रें तें रोज पाहतें. घरच्या यंत्राला हात लावण्याचीही त्यास संवय असावी.

केबल बदलण्यास बसतांना गाडी उघड्यावर, मधल्या स्टँडवर उभी करावी, इंजिन गार होऊं द्यावें, पेट्रोलचा कॉक बंद करावा व जवळ विस्तव नसावा. जुनी केबल काढण्यापूर्वीं ती कोणत्या वाटेनें गेली आहे ह्याचें चित्र कागदावर काढावें किंवा फोनवर टिपून घ्यावें. सर्व कामांत हेंच महत्त्वाचें, आणि हेंच बहुधा टाळलें जातें. नवी केबल जुनीच्या शेजारीं ठेवून दोहींची लांबी व गुंड्या ताडून पाहाव्या. एका गाडीची केबल दुसरीस ‘जमवून’ घेऊं नये. मुठीजवळील ॲडजस्टर पूर्ण आंत फिरवून ढील करावी, म्हणजे गुंडी सहज निघते. नंतर कार्बुरेटरची टोपी फिरवून काढावी. स्प्रिंग मुठींत दाबून धरली कीं स्लाइडच्या खांचेंतून खालची गुंडी सुटते; त्या वेळीं स्प्रिंग उडून मातींत जाऊं नये म्हणून खालीं स्वच्छ फडकें पसरलेलें असावें. जुन्या केबलीच्या टोंकास सुतळी बांधून ती ओढून घ्यावी, व त्याच सुतळीनें नवी आंत घ्यावी. ती आपली वाट चुकत नाहीं.

स्लाइड परत बसवितांना दोन गोष्टी पाहाव्या. तिच्या अंगावरील खांच आंतील खिळीवर बसली पाहिजे, व तिच्या तळाची कापलेली बाजू हवेच्या गाळणीकडे आली पाहिजे. बसत नसेल तर ठोकूं नये. काढून पुन्हां घालावी. फवारणीच्या गाडीस हें कांहीं नसतें. तेथें झडपेच्या चाकावर गुंडी अडकविली कीं झालें. शेवटीं ॲडजस्टर फिरवून मुठीस थोडी मोकळीक ठेवावी. बहुतेक गाड्यांस ती मुठीच्या कडेशीं मोजून २ ते ६ मिलिमीटर असते. नेमका आंकडा पुस्तिकेंत मिळेल. तार ताणून ‘टाइट’ ठेवली म्हणजे गाडी चपळ होते हा समज सर्वस्वीं खोटा आहे.

रस्त्यावर जाण्यापूर्वीं दोन परीक्षा. इंजिन बंद असतां मूठ पूर्ण पिळून सोडावी. ती ‘टक्’ असा आवाज करून स्वतः मिटली पाहिजे. हँडल सरळ, पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे, अशा तिन्ही स्थितींत हें करून पाहावें. मग गाडी न्यूट्रलमध्यें सुरू करून मूठ न पिळतां हँडल एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें. इंजिनाचा आवाज किंचितही चढला तर केबल चुकीच्या वाटेनें गेली आहे किंवा ढील कमी आहे असें समजावें. ही परीक्षा घरीं सोडून दिली तर ती पुढें एखाद्या वळणावर, गर्दींत, आपोआप घेतली जाते.

लांबच्या प्रवासास जाणारे जुने चालक एक सोय करीत, ती अद्याप उपयोगी आहे. ते नवी केबल जुनीच्या बरोबरीनें, त्याच वाटेनें, टाकीखालून घालून पट्टीनें बांधून ठेवीत. पाथर्डी रस्त्यानें करंजीच्या घाटांत तार तुटली तरी टाकी काढावी लागत नाहीं. दोन्ही टोंकें बदललीं कीं थोड्या वेळांत गाडी चालूं होते. मात्र त्या मोकळ्या टोंकांवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी, नाहींतर तुटण्याचा प्रसंग येण्यापूर्वींच ती आंतून गंजून बसते.